उपासकाळाच्या आरंभी: पंडिता रमाबाईंचे आत्मशोधन

माघ सरत आला म्हणजे बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिराईत भागात शाळूची काढणी सुरू होते. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा हात या कामास लागलेला असतो, म्हणून काणी म्हणजे काय हे त्यांस सांगावयास नको. ताट उंच वाढते, कणीसही दुरून भरदार दिसते. परंतु दाणा चिमटीत धरून चिरडला की आत पिठाऐवजी काळी भुकटी निघते. बांधावर उभे राहून पिकाची पारख करणाऱ्यास ती दिसत नाही. याच दिवसांच्या सुमारास, राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती मंडळीचा उपासकाळ लागतो आणि मधले रविवार सोडून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत चाळीस दिवस चालतो. काही मंडळ्यांत त्या बुधवारी कपाळास राख लावतात, काहींत लावीत नाहीत. यावरून एकमेकांस नावे ठेवण्याचे कारण आम्हास दिसत नाही. कोणी चहा सोडतो, कोणी तंबाखू, कोणी एक वेळचे जेवण. तेही बरेच आहे. परंतु या दिवसांचे जे मुख्य काम, म्हणजे आपल्या अंतःकरणाचे कणीस हातात घेऊन दाणा चिरडून पाहणे, ते पुष्कळदा तसेच राहून जाते.

हे काम मोठ्या धैर्याने केलेल्या एका बाईंचे चरित्र आम्ही या आठवड्यात वाचकांपुढे ठेवीत आहो. त्या आपल्याला परक्या नाहीत. बारामतीहून सुपे व चौफुल्याच्या वाटेने निघाले, अथवा इंदापूरहून पाटसच्या बाजूने गेले, म्हणजे आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव लागते. तेथील मुक्तिसदन पंडिता रमाबाईंनी उभारले. दुष्काळात सापडलेल्या मुलींची आई म्हणून त्यांचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटल्यावर, देशोदेशी कीर्ती झालेली असताना, या बाईंनी स्वतःस कोणता प्रश्न विचारला, हे आपल्या मंडळ्यांत फारसे सांगितले जात नाही. उपासकाळाच्या आरंभी तेच विशेष सांगण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी समजूत असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या शिकविली, आणि आईने ती रमेस शिकविली. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात घालावे असा त्यांचा क्रम होता. भागवत रमाबाईंस लहानपणीच मुखोद्गत झाले होते. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होते नव्हते ते दानात व अन्नात संपले. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा स्थितीत पाला व रानफळे खाण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले आणि थोड्याच दिवसांत आई गेली. आईच्या प्रेतास खांदा देण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मुश्किलीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. तिची उंची कमी पडली म्हणून सोळा वर्षांच्या त्या मुलीने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले आणि कित्येक मैल चालून ते प्रेत पोहोचविले. पुढे थोरली बहीणही गेली.

उरलेली बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात ती प्रथमच एका ख्रिस्ती सभेस गेली. लोक गुडघे टेकून प्रार्थना करू लागले तेव्हा तिने मूर्ती कोठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिले. मूर्ती दिसेना, प्रत्येकजण आपल्या खुर्चीपुढे वाकलेला. तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असे तिला वाटले! वाचकांस हसू येईल. परंतु आपल्या उपासनेस प्रथमच आलेल्या गावकऱ्यास आपले वागणे कसे दिसत असेल, हा विचार उपदेशकांनी एकदा करून पाहण्यासारखा आहे.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी जातीचे बंधन मोडून नोंदणीविवाह केला व त्या आसामातील सिल्चर येथे राहू लागल्या. पतीच्या पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांस ठाऊक नव्हते, परंतु वाचून गोडी लागली. हा संसार दोन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीस पटकीने गाठले, आणि लहानग्या मनोरमेस घेऊन ही विधवा पुण्यास आली. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, शिक्षणाच्या सरकारी चौकशी मंडळापुढे साक्ष दिली, आणि मराठी नवा करार शिकण्यास आरंभ केला. काशीहून आलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे, जे स्वतः ब्राह्मणांतून ख्रिस्ती झाले होते, त्यांच्याशी त्यांचा संवाद याच सुमाराचा.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज गावी मठवासी भगिनींकडे राहिल्या. या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालविले होते. रमाबाईंना तेथे नेले. अशा स्त्रियांस आपल्या देशात कोणी जवळ करीत नाही हे त्यांनी पाहिले होते. येथे सभ्य घराण्यांतील स्त्रिया त्यांची शुश्रूषा करीत होत्या. असे का, हे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली गेली. त्यांचे मन येथे वळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने वाँटेजच्या देवळात बाप्तिस्मा घेतला.

आमच्या मंडळ्यांत सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ साक्षी येथेच संपतात. अमक्या साली बाप्तिस्मा झाला, पुढे सेवा केली, आमेन. रमाबाईंच्या बाबतीतही तसे लिहिणे सोपे होते, कारण पुढील आठ वर्षे सर्व बाजूंनी यशाचीच दिसतात. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयात त्या शिकल्या व शिकवू लागल्या. १८८६ साली अमेरिकेस गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगावी व्याख्याने दिली. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे बत्तीस.

परंतु त्यांच्या आतील हिशेब निराळा होता, आणि तो त्यांनी कोणापासून लपविला नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात ही नवशिकी बाई आपल्या गुरूंशी त्रैक्याविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी, मतामतांच्या भेदांविषयी किती हटाने वाद घालीत होती हे दिसते. भगिनींस तो गर्व वाटे. आमच्या मते त्यात गर्व थोडासा असेलही. परंतु जे मनास पटले नाही त्यास तोंडाने होकार देणे त्या बाईंस जमत नव्हते, हे अधिक खरे. ख्रिस्ती धर्म चांगला आहे, त्याच्या आज्ञा श्रेष्ठ आहेत, त्याने दीनांचा कैवार घेतला आहे, येथवर त्यांची खात्री होती. मग अंतर्याम अस्वस्थ का? पापाचे ओझे जागच्या जागीच का? बाप्तिस्मा घेतला, कबुली दिली, उत्तम संकल्प केले, त्यांप्रमाणे वागण्याची पराकाष्ठा केली. तरी जे मिळावयाचे ते मिळाले नाही असे मन सांगत राहिले.

१८९१ च्या सुमारास हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. मरणातून जीवनात, अशा अर्थाचे त्या पुस्तकाचे नाव आहे. हा मनुष्य कॉर्नवॉल परगण्यात कित्येक वर्षे पाळक होता. त्याने देवळे बांधली, उपासना नेमाने चालविल्या, लोकांस उपदेश केला. पुढे त्याचा माळी आजारी पडला आणि त्या आजारात त्यास तारणाची शांती लाभली. पाळकास आनंद होण्याऐवजी तो गोंधळला. माळ्यास जे मिळाले ते आपणापाशी नाही हे त्यास दिसू लागले. शेवटी १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर उभे राहून ख्रिस्ताविषयी बोलता बोलता त्याचेच डोळे उघडले, आणि आपला पाळक आज बदलला असा पुकारा मंडळीतल्या एकाने तेथेच केला.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट वाचताना आमच्या अंगावर काटा येतो, आणि आपल्याही येवो. आठवड्यास किती घरी गेलो, किती वचने पाठ करून घेतली, किती वर्गणी जमली, हे आपण महिन्याच्या अहवालात लिहितो. जे आपण वाटतो ते आपल्या पदरी आहे काय, असे विचारणारा रकाना त्या अहवालात नाही.

रमाबाईंनी ते पुस्तक वाचले आणि त्या पाळकाच्या ठिकाणी आपणास पाहिले. आपणास ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त आपणास सापडला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जरा थांबून पाहा, हे कोण म्हणत होते. विधवा मुली ज्यांस आई म्हणत होत्या, ज्यांच्या भरवशावर अमेरिकेतील लोक पैसे पाठवीत होते, ज्यांच्या धर्मांतराबद्दल पुण्यातील ब्राह्मणवृंद अजून रागावलेला होता, त्या बाई. आपले विरोधक हे ऐकून काय म्हणतील आणि आपले हितचिंतक काय म्हणतील, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. त्या दोन्ही भयांपुढे त्या नमल्या नाहीत. तेव्हा त्यांना कळले ते असे की, स्वतःस सुधारून मग तारणाऱ्याकडे जावयाचे नसते. जशी आहे तशी, रिकाम्या हातांनी जावयाचे असते. कर्माने पुण्य साठविण्याची रीत त्यांनी बापाच्या घरी पाहिली होती. तीच रीत ख्रिस्ती नावाखाली आपण चालविली होती, हे ओळखण्यास त्यांस आठ वर्षे लागली. मग मात्र त्यांनी आपले सर्व पाप व सर्व पुण्यही ख्रिस्तापाशी टाकले, आणि त्यांच्या मनास जी शांती लाभली ती पुढील तीस वर्षांच्या वादळांत सुटली नाही. हा सर्व वृत्तान्त त्यांनी १९०७ साली स्वतः लिहून केडगावी छापविला; आपली उणीव त्यांनी जगापुढे मांडली.

या शोधनाची किंमत लवकरच मोजावी लागली. शारदा सदनात कोणाच्याही धर्मात हात घालावयाचा नाही असे ठरलेले होते, आणि रमाबाई कोणावर सक्ती करीत नव्हत्या. परंतु आता त्या स्वतःच्या खोलीत रोज मोकळेपणाने प्रार्थना करीत व खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात मोठे वादळ उठले, केसरीने टीका केली, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांसारखे सल्लागार सदनापासून दूर झाले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे: ज्या समजुतीवर त्यांनी मुली पाठविल्या होत्या ती मोडली असे त्यांस प्रामाणिकपणे वाटले. परंतु रमाबाईंपुढे दुसरा मार्ग दार लावून घेण्याचा होता. आत एक आणि बाहेर एक, हे सोसणे त्यांस १८९१ नंतर शक्य राहिले नव्हते.

पुढची कथा वाचकांस माहीत आहे म्हणून आम्ही ती धावती सांगतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भूक म्हणजे काय हे त्यांस सोळाव्या वर्षीच कळले होते. तेथून आणलेल्या सुमारे तीनशे मुलींसाठी केडगावची जमीन उपयोगी पडली. १८९८ साली मुक्तिसदनाची विधिपूर्वक स्थापना झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील कुटुंब दोन हजारांच्या घरात गेले. विहिरी खणल्या, माग, तेलाचा घाणा, छापखाना चालू झाला, आणि ही सर्व कामे स्त्रियाच करू लागल्या. आंधळ्या, अपंग, टाकून दिलेल्या, कोणासही दार बंद नव्हते.

एवढ्या पसाऱ्यात स्वतःकडे पाहण्यास वेळ कोठला, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. रमाबाई तो काढीत. लोणावळ्यास भरणाऱ्या आध्यात्मिक सभांस त्या जात आणि आपल्यात अजून काय उणे आहे हे देवास विचारीत. १९०५ च्या आरंभी त्यांनी प्रार्थनेसाठी सोबती मागितल्या, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जून महिन्यापर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्या महिन्याच्या अखेरीस मुक्तिसदनात जी जागृती झाली तिचा आरंभ पापाच्या कबुलीने झाला. त्या मुली रडल्या, त्यांनी आपसातील वैरे मिटविली, आणि मग त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगत फिरू लागल्या.

शेवटची अठरा वर्षे रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरास दिली. त्या वेळी जे भाषांतर चालू होते ते विद्वानांस समजे. खेड्यातील स्त्रीस त्यातील पुष्कळ संस्कृत शब्द अडत. संस्कृतात ज्यांची परीक्षा कलकत्त्याच्या पंडितांनी घेतली, त्याच बाई आता संस्कृत शब्द काढून साधे बोलीतील शब्द शोधीत बसल्या. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. ज्या विद्येने मान मिळाला तीच बाजूस ठेवावयाची, हे आम्हास त्यांच्या सर्व त्यागांत मोठे वाटते. या कामात त्यांचे शरीर खंगले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवावयाची ती एकुलती मुलगी आधी गेली. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या.

१९२२ साली उपासकाळ १ मार्चच्या बुधवारी लागला. त्या चाळीस दिवसांत केडगावच्या छापखान्यात जुळारी स्त्रिया खिळे जुळवीत होत्या आणि रमाबाई भाषांतराचा शेवटचा भाग तपाशीत होत्या. ते काम हातावेगळे झाले. ५ एप्रिल रोजी, झावळ्यांच्या रविवारास चार दिवस उरले असता, त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांस चौसष्टावे वर्ष चालू होते. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडण्यास १९२४ साल उजाडले, आणि त्याची पाने ज्यांनी जुळविली, छापिली व बांधिली, त्यांपैकी कित्येकजणी दुष्काळाच्या सालात बैलगाडीतून केडगावी उतरल्या होत्या.